हायस्कूलात जगातले धर्म शिकवायचे कसे? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

नववी-दहावीच्या लेकरांना जगातल्या सगळ्या मोठ्या धर्मांची नीट ओळख शाळेतच व्हायला पाहिजे, असं मी लिहिलं आणि मराठवाड्यातून धडाधड प्रश्न आले. सगळे घेता येणार नाहीत, पाच घेतलेत. मी स्वतः हायस्कूलला इतिहास शिकवत आलोय, त्यामुळं जे वर्गात करून पाहिलंय तेच सांगतो.

"आमचे हेडसर म्हणायलेत, शाळेत धर्म शिकवायला घटनेनंच बंदी आहे, नसती भानगड कशाला. खरंय का?" – एक शिक्षक, लातूर

सर, अर्धंच खरंय. घटनेचं कलम २८ म्हणतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, आणि अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, लेकरू लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, अशा शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येणार नाही. धार्मिक शिक्षण म्हणजे पूजा, नमाज, प्रार्थना शिकवणं, हे माना, हे पाळा असं सांगणं. पण लोक काय मानतात आणि का मानतात याची माहिती देणं वेगळं. हा फरक देशाच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या कोठारी आयोगानं १९६४-६६ मध्येच केला होता आणि २००२ साली सुप्रीम कोर्टानंही अरुणा रॉय खटल्यात तो मान्य केला. हेडसरांना हे शांतपणे दाखवा. आणि वर्गात एक सवय ठेवा, वाक्याची सुरुवात नेहमी 'मुस्लिम लोक मानतात की', 'बौद्ध लोक मानतात की' अशी करायची. आपल्या स्वतःच्या धर्माबद्दल बोलतानाही तशीच, तिथंच आपली जीभ घसरते.

"जिल्हा परिषदेची शाळा आहे, प्रोजेक्टर नाही, काही नाही. सुरुवात कुठून करू?" – शिक्षिका, हिंगोली

मॅडम, भिंतीवरच्या कॅलेंडरपासून करा. पोरांना घरातली जुनी कॅलेंडरं आणायला सांगा आणि रमजान ईद शोधायला लावा. २०२३ ला २२ एप्रिल, २०२४ ला ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं. कारण मुस्लिम कॅलेंडर चंद्रावर चालतं आणि चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं. मग दिवाळी शोधा, २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबर, २०२४ चं १ नोव्हेंबर, म्हणजे तीही तशीच सरकते! मग ती उन्हाळ्यात का जात नाही असं एखादं पोरगं विचारतंच, आणि तिथं अधिक महिना येतो, साधारण ३२-३३ महिन्यांनी एक. ज्यू लोकही असाच जादा महिना घालतात, १९ वर्षांत ७ वेळा. इस्लाममध्ये मात्र घालत नाहीत म्हणून रमजान कधी थंडीत तर कधी भर मे महिन्यात येतो. दोन तासिका कुठं गेल्या कळत नाही बघा, आणि कुणाच्या श्रद्धेला हातसुद्धा लागत नाही. शिवाय तुमच्या जिल्ह्यात नर्सी आहे. संत नामदेवांचं जन्मगाव मानतात ते, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. शीख धर्म तिथूनच सुरू करा, पंजाब मग नकाशात दाखवा.

"वर्गात ५२ पोरं, त्यात एकच मुस्लिम मुलगा. इस्लामचा विषय निघाला की मी त्यालाच उभं करून 'तू सांग' म्हणतो, त्याला बरं वाटावं म्हणून. पण आता तो त्या दिवशी शाळेलाच येईना गेलाय." – शिक्षक, परभणी जिल्हा

तुमचा हेतू चांगलाय हे कळतं, पण हे आजपासून बंद करा. मीही हीच चूक केलीय. एका जैन मुलीला पर्युषणाबद्दल बोलायला उभं केलं होतं, तिला नीट सांगता येईना, पोरं हसली आणि ती तासभर बाकावर डोकं ठेवून बसली. अजून डोळ्यासमोर येतं ते. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला सगळ्यांसारखं दिसायचं असतं, आणि आपण त्यालाच अख्ख्या धर्माचा वकील करून टाकतो. वर्गातल्या दुसऱ्या पोरांना तरी कुठं आपल्या धर्माचं सगळं माहीत असतं? माहिती तुम्ही द्या, त्याला स्वतःहून काही सांगावं वाटलं तर सांगू द्या. तयारी करताना मी एकच कसोटी लावतो, त्या धर्माचं लेकरू वर्गात बसलंय, माझं ऐकून त्याला 'हो, आमच्यात असंच असतं' वाटेल का? वाटणार नसेल तर तेवढं पुन्हा वाचतो, नाहीतर त्या समाजातल्या जाणत्या माणसाला जाऊन विचारतो. आणि तुम्ही त्या पोराला एकट्याला गाठून 'माझं चुकलं' म्हणा. शिक्षकानं म्हटलेलं लेकरं विसरत नाहीत.

"मुलगी शाळेतून येऊन विचारायली, पप्पा, खरा धर्म कोणता? काय सांगू?" – पालक, बीड

तुम्ही जे मानता ते मोकळ्या मनानं सांगा, घर त्यासाठीच असतं. फक्त 'दुसऱ्यांचं खोटं' हे शेपूट जोडू नका. शाळेत मात्र या प्रश्नाचं उत्तर शिक्षकानं देऊ नये, आणि परीक्षेत 'कोणता धर्म श्रेष्ठ' असला प्रश्न तर कधीच काढू नये.

"सहल काढायचीय. वेरूळ करावं का नांदेड?" – शिक्षिका, जालना

जमलं तर दोन्ही, वेगवेगळ्या वर्षी. वेरूळला ३४ लेणी, १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन, एकाच डोंगरात. पण बहुतेक सहली कैलास लेणं बघून, फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. १० नंबरला न्या, लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात, आत मान वर करून बघायला सांगा, छताला लाकडी घरासारख्या फासळ्या दिसतात आणि त्या सगळ्या दगडात कोरल्यात. मग ३२ नंबरचं जैन लेणं. तिथून खुलताबाद जवळच आहे, सूफी संतांचे दर्गे तिथं बघता येतात. चपला काढायच्या, डोकं झाकायचं, आणि ज्याला कुठं हात जोडायचे नाहीत त्यानं नुसतं शांत उभं राहायचं, हे गाडीतच सांगून ठेवा. पालकांना चिठ्ठी आधी पाठवा.

नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वारा, शिखांच्या पाच तख्तांपैकी म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी एक, गुरु गोबिंदसिंगजींचं १७०८ साली तिथंच निधन झालं. हे आदल्या दिवशी वर्गात सांगा, तिथं भाषण नको. तिथं लेकरांना लंगरच्या पंगतीत बसवा, कुणाशेजारी कोण बसलंय ते त्यांचं त्यांना दिसू द्या. जेवण झाल्यावर काहीजण भांडी घासायला जाऊ का म्हणून विचारतील, जाऊ द्या, गाडी अर्धा तास उशिरा निघाली तरी चालेल.