ह्यूस्टन ते एल पासो एका दिवसात गाडीने जमेल का?

प्रश्न: ताई, मार्चमध्ये स्प्रिंग ब्रेकला आम्ही ह्यूस्टनहून एल पासोला नणंदेकडे जाणार आहोत. मी, नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेले सासू-सासरे. नवरा म्हणतोय मॅपवर अकरा तास दाखवतंय, शनिवारी पहाटे निघू, रात्री जेवायला पोचू, मध्ये हॉटेलचा खर्च कशाला. मला लायसन्स मिळून थोडेच महिने झालेत आणि हायवेवर मी फारशी चालवलेली नाही. सासऱ्यांना दर दोन तासांनी उतरावं लागतं. हे एका दिवसात करणं शहाणपणाचं आहे का, की मीच उगाच घाबरतेय?

उत्तर: उगाच नाही घाबरत आहात, पण नवराही चुकीचं सांगत नाहीये. जमतं. फक्त ते अकरा तास म्हणजे नुसतं चाक फिरण्याचे तास, त्यात सासऱ्यांचं उतरणं नाही, मुलीची शी-शू नाही, पेट्रोल नाही, जेवण नाही. साधारण साडेसातशे मैल आहेत. पाच माणसांचं उतरणं-चढणं धरलं तर तेरा-साडेतेरा तास धरा आणि त्या हिशोबाने निघा म्हणजे कोणी कोणावर चिडणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा एक प्रवास समजू नका, दोन समजा. ह्यूस्टन ते सॅन अँटोनियो जवळपास दोनशे मैल, तिथे सगळं आहे, दर दहा-पंधरा मैलांवर पंप, खाणं, टॉयलेट. आणि मग सॅन अँटोनियोच्या पुढे साडेपाचशे मैल, जिथे गावं लांब लांब होत जातात. लोक काय करतात, पहिल्या भागात निवांत असतात, कोलंबसला थांब, शुलनबर्गला थांब, ल्यूलिंगला तासभर शॉपिंग कर, आणि मग वेळ भरून काढायला वेस्ट टेक्ससमध्ये गाडी पळवतात, तेही संध्याकाळी, थकलेले असताना, उन्हाची तिरीप डोळ्यांवर घेत. उलटं करा. वेळ वाचवायचा तो पूर्वेकडे वाचवा आणि पश्चिमेकडे सढळ हाताने खर्च करा.

पहाटे पाचला घर सोडा. त्या वेळी केटी फ्रीवे, म्हणजे ह्यूस्टनमधून पश्चिमेला जाणारा आय-१० हायवे, मोकळा असतो, हाच रस्ता दिवसा काय होतो ते तुम्हाला मी सांगायला नको. नवरा म्हणेल मग तीनलाच निघू की, अजून लवकर पोचू. नको. तीनला निघालात तर सॅन अँटोनियोच्या पुढचा हिल कंट्रीचा डोंगराळ भाग, बर्नी-कम्फर्ट-केरव्हिल, अंधारात आणि झुंजूमुंजू होताना लागेल, आणि हरणं रस्त्यावर यायची वेळ नेमकी तीच. मार्चच्या मध्यात घड्याळ पुढे गेलेलं असतं, सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो, त्यामुळे पाचला निघून तिथे नऊच्या सुमाराला लख्ख उजेडात पोचणं हेच बरं. सूर्यही तेव्हा पाठीमागे असतो.

पहिला थांबा ल्यूलिंगचं बकीज, म्हणजे पेट्रोल पंप आणि दुकान एकत्र. ते २०२४ मध्ये उघडलेलं ७५,००० स्क्वेअर फुटांचं अवाढव्य प्रकरण आहे, टॉयलेट झकास, चोवीस तास उघडं, सासरे खूश होतील. पण सगळ्यांना आधीच बजावून ठेवा की इथे वीस मिनिटं, टी-शर्ट आणि फज बघायला परत येताना थांबू. मी बघितलंय, बकीजमध्ये शिरलेलं मराठी कुटुंब पाऊण तासाच्या आत बाहेर येत नाही, कोणी ना कोणी तरी हरवतंच.

सॅन अँटोनियोत शनिवारी आठ-साडेआठला सरळ आय-१० नेच गावातून निघा, बाहेरच्या लूपचा वळसा घ्यायची गरज नाही. फक्त डाउनटाउनजवळ आय-१० आणि आय-३५ थोडा वेळ एकत्र होतात, रस्ता वर-खाली दोन मजली आहे आणि लेन पटापट फुटतात, तिथे शेजारी बसलेल्याने फक्त एल पासोचे बोर्ड वाचायचं काम करायचं, व्हॉट्सॲप नाही. आणि चालवणाऱ्याने तर फोन हातातही घ्यायचा नाही, गाडी चालवताना टेक्स्ट करायला २०१७ पासून अख्ख्या टेक्ससमध्ये बंदी आहे.

आता एक गंमत सांगते जी सासऱ्यांना नक्की आवडेल. आय-१० वरचे मैलांचे आकडे पश्चिमेकडून, न्यू मेक्सिकोच्या हद्दीपासून सुरू होतात, आणि एल पासोचं डाउनटाउन येतं १९ नंबरच्या एक्झिटला. म्हणजे तुम्ही पश्चिमेला जाताना जो आकडा दिसेल त्यातून वीस वजा करा, तेवढे मैल राहिले. ह्यूस्टनच्या डाउनटाउनला तो आकडा ७६८ च्या आसपास असतो. जंक्शन (हे गावाचं नाव आहे) ४५६, सोनोरा ४००, ओझोना ३६५, फोर्ट स्टॉकटन २५७, व्हॅन हॉर्न १३८. हे पाच आकडे कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या, दिवसभर तेच सांगतील किती राहिलं, फोनची रेंज गेली तरी. आणि रेंज जाणारच आहे, ओझोनाच्या पुढे तर बराच वेळ जाते, म्हणून मॅप आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा.

पेट्रोलचा माझा नियम, सॅन अँटोनियोच्या पुढे टाकी अर्धी झाली की भरायची, काटा खाली जायची वाट बघायची नाही. ओझोना ते फोर्ट स्टॉकटन शंभरावर मैल आहेत, तिथून व्हॅन हॉर्न जवळपास एकशे वीस आणि तिथून एल पासो परत एकशे वीस. मध्ये काहीच नाही असं नाही, पण जे आहे ते उघडं असेल याची खात्री नाही आणि कित्येक एक्झिटवर तर पाटीच असते की इथे काही सोय नाही. मार्चमध्ये वारा समोरून, पश्चिमेकडून येतो, त्यात ऐंशीच्या स्पीडने पळलात तर तुमची गाडी नेहमीचं मायलेज देणार नाही.

टॉयलेटचं आणखी एक, कारण दोन ज्येष्ठ माणसं आहेत. हायवेवर रेस्ट एरिया आणि पिकनिक एरिया असे दोन वेगळे बोर्ड दिसतील. रेस्ट एरियात टॉयलेट असतं आणि चांगलं स्वच्छ असतं. पिकनिक एरियात बहुतेक वेळा फक्त छप्पर आणि टेबल. घाईत असलेल्या माणसाला घेऊन पिकनिक एरियात वळलात तर पंचाईत. थांबलं की दोघांनाही गाडीभोवती दोन फेऱ्या मारायला लावा, पाय सुजत नाहीत.

तुमच्या ड्रायव्हिंगबद्दल. नवऱ्याने एकट्याने अख्खा दिवस चालवायचं नाही, हे त्यांना माझं नाव घेऊन सांगा. पण तुम्ही ह्यूस्टन किंवा सॅन अँटोनियोत चालवायला घेऊ नका. जंक्शनला ब्रेकफास्ट झाला की चाक तुमच्याकडे घ्या आणि फोर्ट स्टॉकटनपर्यंत तुम्ही चालवा, दोनशे मैल, रस्ता रुंद, गाड्या कमी. तिथे स्पीड लिमिट ८० आहे, केरव्हिलच्या आसपासपासून ते थेट एल पासोच्या अलीकडेपर्यंत ८०, पण ती मर्यादा आहे, सक्ती नाही. तुम्ही उजव्या लेनमध्ये ७० ने आरामात जा, कोणाला घाई असेल तो डावीकडून जाईल, डावी लेन तशीही फक्त ओव्हरटेकसाठीच आहे असे बोर्ड लावलेले आहेत. अवघड काय वाटेल ते सांगते. मोठ्या अठरा चाकी ट्रकला ओव्हरटेक करताना ट्रकच्या आडोशाला वारा एकदम थांबतो आणि पुढे निघालात की आडवा वारा गाडीला ढकलतो, तेव्हा दचकून स्टिअरिंग झटकायचं नाही, दोन्ही हात धरून हळूच सरळ ठेवायचं. दोन-तीन ट्रक झाले की सवय होते. आणि रस्त्याच्या कडेला पोलीस, ॲम्ब्युलन्स किंवा टो ट्रक दिवे लावून उभा दिसला तर एक लेन सोडून जायचं, जमत नसेल तर लिमिटपेक्षा वीसने कमी करायचं, हा कायदा आहे.

मुलीची सीट विसरू नका, आठ वर्षांखालच्या मुलांना चाइल्ड सीट किंवा बूस्टर लागतं (उंची चार फूट नऊ इंच झाली असेल तर गोष्ट वेगळी), आणि मागच्या सीटवर सासूबाईंनाही बेल्ट लावायचा आहे, त्या कितीही म्हणाल्या की पोट आवळतं तरी.

धुळीबद्दल नीट वाचा. मार्च-एप्रिलमध्ये व्हॅन हॉर्नपासून एल पासोपर्यंत वारा सुटला तर धुळीचं वादळ येऊ शकतं आणि समोरचं काही दिसेनासं होतं. अशा वेळी रस्त्यात थांबायचं नाही, रस्ता पूर्ण सोडून जितकं बाहेर जाता येईल तितकं जायचं, आणि मग सगळे दिवे बंद, हॅझर्डसुद्धा बंद, हँडब्रेक ओढायचा आणि ब्रेकवरून पाय काढायचा. दिवे का बंद, तर मागून येणाऱ्याला धुळीत तुमचे लाल दिवे दिसले की त्याला वाटतं पुढची गाडी चाललीये, तो त्यांच्या मागे मागे येतो आणि सरळ तुमच्यावर आदळतो. सकाळी निघताना टेक्ससच्या रस्ते खात्याची ड्राइव्ह टेक्सस साइट आणि एल पासोचं हवामान बघून घ्या.

आता निर्णय कुठे घ्यायचा ते. फोर्ट स्टॉकटनला. सगळं नीट झालं तर दीड-दोनला तिथे जेवाल, पैसानो पीट नावाचा रोडरनर पक्ष्याचा भलामोठा पुतळा आहे त्याच्यासमोर मुलीचा फोटो काढाल, अडीच-पावणेतीनला निघाल. व्हॅन हॉर्नच्या थोडं पुढे हडस्पेथ काउंटी लागते आणि घड्याळ एक तास मागे जातं, माउंटन टाइम, त्यामुळे तिथल्या साडेपाच-सहाला उजेडात नणंदेच्या दारात. (सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या त्या दिवशी ह्यूस्टनच्याच वेळेने द्या, फोन आपोआप बदलेल आणि गोंधळ होईल.) पण फोर्ट स्टॉकटनलाच चार वाजून गेले असतील, किंवा नवऱ्याचे डोळे जड झाले असतील, तर पुढे जायचं नाही, तिथेच राहायचं. फुकटात कॅन्सल होणारी खोली आधीच बुक करून ठेवा आणि दुपारनंतर बुकिंग आपोआप पक्कं होतं का, किती वाजेपर्यंत रद्द करता येतं, हे वाचून घ्या, बऱ्याच ठिकाणी ती मुदत आदल्या दिवशीच संपते. तसं असेल तर पैसे गेले तरी जाऊ देत.

बाल्मोरियाचा झऱ्याच्या पाण्याचा पूल वाटेतच आहे, पाणी वर्षभर ७२ ते ७६ डिग्री फॅरनहाइट, १९३० च्या दशकात बांधलेला, फार सुंदर. त्या दिवशी मात्र नाही. परत येताना दोन दिवस काढून करा, आणि पूल उघडा आहे का ते बघून दिवसाचा पास आधी घ्या.

प्रश्न: आम्ही एच-वनवर आहोत, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत. एल पासोच्या रस्त्यावर इमिग्रेशनची तपासणी होते म्हणतात, खरं का?

उत्तर: खरं आहे, पण जाताना नाही, येताना. पूर्वेकडे येणाऱ्या आय-१० वर सिएरा ब्लँकाजवळ बॉर्डर पट्रोलचा (सीमेवर गस्त घालणाऱ्या पोलिसांचा) चेकपॉइंट आहे, सगळ्या गाड्या तिथे वळवतात, नागरिक आहात का विचारतात, बहुतेक वेळा मिनिटभरात सोडतात, कधी कुत्रा गाडीभोवती फिरवतात. तुम्ही बॉर्डर ओलांडलेली नसली तरी थांबावंच लागतं. अठरा वर्षांवरच्या, नागरिक नसलेल्या माणसाने आपली कागदपत्रं जवळ बाळगणं कायद्याने तसंही बंधनकारकच आहे. मूळ पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत आल्याची नोंद) ची प्रिंट, तुमचं आय-७९७ (एच-वनच्या मंजुरीची नोटीस), ग्रीन कार्ड असेल तर ते. डिकीतल्या बॅगेत तळाशी नाही, पुढे ग्लव्ह बॉक्समध्ये. आणि आई-बाबांना आधी सांगून ठेवा की असं असं होणार आहे, नाहीतर हिरव्या गणवेशातला माणूस खिडकीशी आला की ते बावरतात आणि विचारलं त्यापेक्षा जास्त सांगत बसतात.

प्रश्न: हाच रस्ता टेस्लाने एका दिवसात होईल का?

उत्तर: होईल. जंक्शन, ओझोना, फोर्ट स्टॉकटन, व्हॅन हॉर्न, चारही ठिकाणी सुपरचार्जर (टेस्लाचे झटपट चार्जिंगचे पॉइंट) आहेत. पण ८० च्या स्पीडला आणि समोरच्या वाऱ्यात एका चार्जमध्ये जाणारं अंतर चांगलंच घटतं, त्यामुळे गाडी जेवढं म्हणते त्यापेक्षा थोडं जास्तच चार्ज करून निघा आणि यातला एकही थांबा चुकवू नका. स्पीड ७० वर आणलात तर एकूण वेळेत फार फरक पडत नाही, चार्जिंगला तेवढं कमी थांबावं लागतं. स्प्रिंग ब्रेक किंवा थँक्सगिव्हिंगला चार्जरपाशी रांग असणार हे धरून चाला.

प्रश्न: आम्ही डॅलसला असतो. आम्हाला एल पासो जवळ पडेल ना?

उत्तर: हो, शंभरेक मैल कमी, साधारण ६३५ मैल, नऊ-साडेनऊ तासांचं ड्रायव्हिंग. फोर्ट वर्थ, ॲबिलीन, मिडलंड-ओडेसा, पेकोस असं आय-२० ने, आणि पेकोसच्या पुढे आय-२० संपून आय-१० ला मिळतो, तिथून वर लिहिलेलं सगळं लागू. फरक एवढाच की मिडलंडपासून पेकोसपर्यंत तेलाच्या धंद्याचे ट्रक खूप, ते रस्त्यावर येताना लगेच स्पीड घेत नाहीत, अंतर ठेवा. मुलं असतील तर ओडेसाच्या पुढे मोनाहान्सला वाळूच्या टेकड्यांचं स्टेट पार्क हायवेला लागूनच आहे, घसरायला डिस्क भाड्याने मिळतात, एक तास द्या, पण जास्तीचे मोजे ठेवा, वाळू पुढे एल पासोपर्यंत निघत नाही.