दर्जा आणि भूमिका यात नेमका फरक काय? व्याख्या पाठ आहेत पण उदाहरण लिहिताना गोंधळ होतो

तुम्ही म्हणताय अकरावीच्या समाजशास्त्रातल्या दोन्ही व्याख्या पाठ आहेत पण उदाहरण लिहायला घेतलं की दोन्ही एकच वाटायला लागतात. हे खूप जणांचं होतं, कारण उदाहरणं सगळी शिक्षक, डॉक्टर अशी असतात, तिथे दर्जा ज्याचा काम पण त्याचंच, मग फरक दिसणार कुठून? मी शिकवताना म्हणून महिला सरपंचाचं उदाहरण घेते.

73वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या, पुढे महाराष्ट्रात 2011 ला ते 50 टक्के केलं. आता बऱ्याच गावांत दिसणारी ग्रामसभा डोळ्यासमोर आणा. बोर्डावर नाव ताईंचं, खुर्ची ताईंची, प्रोसिडिंगवर सही पण ताईंचीच, पण कोणी पाण्याच्या टाकीचं काय झालं विचारलं की उत्तर देतात शेजारी बसलेले त्यांचे मिस्टर, ग्रामसेवक फोन लावतो तो पण त्यांनाच, आणि अर्धं गाव सरपंच म्हणून हाक मारतं ती पण त्यांनाच. म्हणजे दर्जा ताईंकडे आणि भूमिका वठवतंय दुसरंच कोणीतरी. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ राल्फ लिंटनने 1936 मध्ये हेच मांडलंय, दर्जा म्हणजे हक्क आणि कर्तव्यांचा संच, आणि माणूस ते हक्क-कर्तव्य प्रत्यक्ष अमलात आणतो तेव्हा ती झाली भूमिका. मिस्टरांकडे कायद्याने सरपंचाचा एकही अधिकार नाही हे उत्तरात जरूर लिहा. आणि सगळीकडे असंच चालतं असंही नाही हां, कित्येक ताई वर्षभरात स्वतः पंचायत समितीत जाऊन बीडीओंशी, म्हणजे गटविकास अधिकाऱ्यांशी, बोलायला लागतात, निधी कुठे अडकला ते विचारतात, मला हे बघून फार बरं वाटतं. त्यांचा दर्जा तोच राहिलेला असतो, बदलते ती भूमिका.

अर्पित आणि अर्जित दर्जा पण इथेच समजून घ्या. निवडणूक लढवून मिळालं म्हणून सरपंचपद अर्जित, पण ते पद कोणासाठी राखीव हे आरक्षणाच्या सोडतीत ठरतं आणि बाई असणं किंवा जात या गोष्टी तर जन्माने चिकटलेल्या, म्हणजे अर्पित. टेबल करून दोन कॉलममध्ये लिहितात ना, त्याने वाटतं यांचा एकमेकांशी संबंधच नाही, पण अर्जित दर्जापर्यंत कोण पोचणार हे बरेचदा अर्पित दर्जाच ठरवतो.

राहिला भूमिका संघर्ष आणि भूमिका ताण, यात हमखास चूक होते. ताई सरपंच आहेत तशा गावच्या सूनही आहेत. समोर सासरे, दीर बसलेत, सुनेने मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही ही अपेक्षा, आणि सरपंचाने तर नियम मोडणाऱ्याला सगळ्यांसमोर सुनवायचं असतं, मग तो दीर का असेना. हा संघर्ष. पण एका वॉर्डाला रस्ता आधी हवाय, आमदारांचा आग्रह दुसऱ्याच ठिकाणचा आणि ग्रामसेवक म्हणतोय यंदा निधीत दोन्ही बसत नाहीत, हा सगळा ओढा एकट्या सरपंचपदावरचा, तो झाला ताण. परीक्षेत अडलात तर प्रश्नातल्या माणसाचे किती दर्जे भिडतायत ते मोजा, दोन निघाले तर संघर्ष, एकच असेल तर ताण.