ग्रीक पुराणकथांतल्या प्रॉमिथिअसने माणसांसाठी देवांची आग नेमकी कशी पळवली? आणि एका आगीसाठी एवढी भयंकर शिक्षा का?

चित्रांत प्रॉमिथिअस पेटती मशाल उंच धरून धावताना दिसतो, पण देवांचा राजा झ्यूस याच्या डोळ्यांदेखत आग अशी नेता आली नसती. इ.स.पू. ७०० च्या सुमाराचा कवी हेसिऑड स्पष्ट सांगतो की ती पोकळ देठात लपवून नेली. हा देठ नार्थेक्सचा. आपला हिंग ज्या फेरुला प्रजातीतल्या झाडांपासून मिळतो, तिच्यातलंच हे भूमध्य समुद्राकाठचं, माणसाहून उंच वाढणारं झाड. वाळलेल्या देठात पांढरा, हलका गर असतो. त्यात निखारा धरला की गर सावकाश धुमसत राहतो आणि बाहेरची साल शाबूत राहते, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. देठ ओला असेल तर मात्र निखारा विझतो. त्या भागातले लोक विस्तव खरोखरच असा नेत असत, म्हणून ऐकणाऱ्याला ही चोरी लगेच पटत असणार.

अथेन्समध्ये प्रॉमिथिअसच्या नावाने मशालींची शर्यत होई. शहराबाहेरच्या अकादमी नावाच्या उपवनातल्या त्याच्या वेदीपासून शहरापर्यंत पळायचं, पण मशाल जळती ठेवून. पहिल्याची विझली तर मान दुसऱ्याला, त्याचीही विझली तर तिसऱ्याला, आणि सगळ्यांच्याच विझल्या तर कोणीच जिंकत नसे.

आता शिक्षेबद्दल. आगीची चोरी हा त्याचा पहिला अपराध नव्हता, आणि हेच बहुतेक गोष्टींतून गळतं. मेकोनी नावाच्या ठिकाणी देव आणि माणसं यांच्यात बैलाचे वाटे ठरत होते. प्रॉमिथिअसने मांस आणि चरबीदार आतडी कातड्यात घालून वर बैलाचं पोट पांघरलं, म्हणजे वाटा किळसवाणा दिसावा. दुसऱ्या वाट्यात नुसती हाडं, पण वर चकाकणारी चरबी. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला. हेसिऑडच्या मते कपट ओळखूनच उचलला. ग्रीक यज्ञात देवांसाठी हाडं जाळून मांस माणसांनी खायचं, ही रीत इथून आली असं तो म्हणतो. चिडलेल्या झ्यूसने माणसांना आग नाकारली आणि मगच ती चोरी झाली. दंडही दोघांना झाला: माणसांकडे संकटं आणणारी पहिली स्त्री, पँडोरा, पाठवली गेली, प्रॉमिथिअसला साखळदंडांनी जखडलं. गरुडाने दिवसभर यकृत खायचं आणि रात्री ते तेवढंच परत वाढायचं.

पुष्कळदा वाचायला मिळणारा 'मानवजातीसाठी झगडणारा' प्रॉमिथिअस मुख्यतः ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावर असलेल्या नाटकातला आहे (नाटक त्याचंच का, यावर अभ्यासकांत वाद आहे). तिथे झ्यूसला माणसांचा वंशच संपवायचा असतो आणि प्रॉमिथिअस एकटा आडवा येतो. आगीबरोबर तो अंक, अक्षरं, औषधं, जहाजं, बैलांना जू लावणं, सगळंच शिकवतो. दोन्ही कथा एकत्र कालवू नका, कारण हेसिऑडचा प्रॉमिथिअस मुख्यतः चलाख आहे आणि त्याच्या चलाखीची किंमत माणसंच मोजतात. मला तो जास्त अस्वस्थ करतो.

सुटकाही वेगवेगळी. हेसिऑडकडे झ्यूसचा मुलगा हेराक्लीज गरुडाला मारतो आणि मुलाचं नाव व्हावं म्हणून झ्यूस राग सोडतो. नाटकातल्या प्रॉमिथिअसकडे एक गुपित आहे: कोणत्या स्त्रीचा मुलगा बापाहून बलवान होईल, म्हणजे झ्यूसने तिच्याशी लग्न केलं तर त्याची सत्ता जाईल. ती समुद्रदेवी थेटिस. पुढचं नाटक तुकड्यांतच उरलंय, पण कथेत थेटिसचं लग्न शेवटी पेलिअस या माणसाशी लागलं, आणि बापाहून बलवान तो मुलगा म्हणजे ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलिस.