साध्या गाडीवरून नजर का हटत नाही?

प्रश्न : बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी आमच्या शेडमध्ये उभी आहे. मुलगा म्हणतो, मोठी अलॉय व्हील, मागे स्पॉयलर (डिकीवरचा पंख) आणि झगझगीत निळा रंग करून घेऊ. पण पुण्यात जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मी एक फिकट राखाडी फियाट पाहिली. बाजूच्या क्रोमच्या पट्ट्यासुद्धा काढलेल्या, अंगावर काही म्हणजे काही नाही. तरी अर्धा तास मी तिथून हलले नाही. असं काय होतं तिच्यात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तिच्या अंगावर काही नव्हतं, म्हणूनच कुणीतरी तिच्यावर महिनोन् महिने राबलं असणार. पस्तीस वर्षं मी पत्र्याचं काम करतोय. पट्टी काढली की क्लिपांची भोकं उरतात. ती पुट्टीने, म्हणजे भरायच्या लगद्याने, बुजवणं सोपं, पण टिकत नाही. माझ्या हातच्या पहिल्याच फियाटला मी तसं केलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात दारावर फुगे आले, आणि गिऱ्हाइकाचं ते दार मी पदरमोड करून पुन्हा केलं. तेव्हापासून भोकात पत्र्याचाच तुकडा बसवतो. वेल्डिंगचा एक टाका इथे, पुढचा लांब तिथे, मध्ये पत्रा निवू द्यायचा. घाई केली की पत्रा ओढला जातो आणि दाराला लाटा येतात. मग मागून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, धरून हातोडी, आणि शेवटी पाण्याने घासायचा वॉटर पेपर.

रात्री गॅरेजातले दिवे घालवून मी हातात एकच ट्यूबलाइट आडवी धरतो. दारावर तिची पांढरी रेघ उमटते. पुढच्या मडगार्डापासून मागच्या दिव्यापर्यंत ती सुतासारखी गेली पाहिजे. जिथे थरथरेल तिथे खडूची खूण, सकाळी पुन्हा काम. त्या दिवशी तुमची नजर अशाच रेघेवरून फिरत होती. मध्ये पट्टी असती तर तिथेच अडली असती.

पट्ट्या उतरवून गाडी साधी करायची ही रीत अमेरिकेतली. १९३२ साली फोर्डने आपली पहिली व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची, गाडी काढली, ६५ अश्वशक्तीची. कॅलिफोर्नियातली पोरं तसल्या जुन्या गाड्या घेऊन मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेग आजमावायची आणि वजन घटवायला मडगार्डं, बंपर उतरवून ठेवायची. पुढे कारागिरांनी दाराच्या मुठी आणि पट्ट्याही काढल्या, भोकं वितळलेल्या शिशाने भरली. उघड्या पत्र्यावर चूक लपत नाही, म्हणून हात तयार झाले.

आपल्या फियाटला, म्हणजे तुमच्या पद्मिनीलाही, हे फार शोभतं. कुर्ल्याला बनलेली ही गाडी, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. मुंबईत ऑक्टोबर २०२३पर्यंत ती काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावली. दोन रंगांमुळे तिचा मूळ आकार आपल्या डोळ्यांना दिसेनासाच झाला होता. एका रंगात बघा, मागचं मडगार्ड टोकाला कसं अलगद वर उचललंय! त्यावर स्पॉयलर लावायचा? माझ्याने तर लावून होणार नाही.

चाकं मूळचीच ठेवा, १४ इंची, स्टीलची. मोठी घातली तर वळताना मडगार्डाला घासतील. रंग बदलायचा असेल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे नोंदीशी न जुळणारे बदल अंगाशी येतात. राखाडीच हवा असं नाही. फिकट क्रीमही सुंदर दिसतो.

पण रंगाच्या आधी एक करा. रुमालात चुंबक गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने, मग चाकांच्या कमानींवरून हळूहळू फिरवा. जिथे पकड ढिली होईल तिथे आत जुनी पुट्टी आहे, आणि तिच्याखाली बहुतेक गंज. तेवढं आधी उघडून बघायला हवं. चुंबक मुलाच्याच हातात द्या.