फेलूदा मालिका निम्म्यावर सोडावी का?

आपण विचारले आहे की, निपाणीत एका मित्राकडून फेलूदाची चार पुस्तके मिळाली, ती हाताला लागतील तशी वाचली आणि त्यांपैकी दोहोंत गुन्हेगार निम्म्यातच ओळखू आला; तर पुढची मालिका वाचावी का, आणि वाचायची झाल्यास कोणत्या क्रमाने?

वाचावी, असे माझे मत आहे. आपली तक्रार मात्र खोटी नाही. बंगाली लेखक-दिग्दर्शक सत्यजित राय यांनी १९६५ साली फेलूदा या गुप्तहेराची पहिली कथा ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी लिहिली. हे मासिक त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ साली काढले होते आणि बंद पडल्यावर सत्यजित यांनीच ते १९६१ मध्ये पुन्हा सुरू केले. वाचक कुमारवयाचे असल्यामुळे विवाहबाह्य संबंध, घरातली कुजलेली नाती, असे मोठ्यांच्या रहस्यकथेतले नेहमीचे हेतू राय यांना जवळजवळ वर्ज्यच होते. मग उरतो तो लोभ: कुठे जुनी मूर्ती, कुठे अंगठी, कुठे हस्तलिखित. हेतू एकदा ठरून गेला की चारपाच संशयितांपैकी जो गरजेपेक्षा जास्त अदबीने वागतो, त्याच्यावर सराईत वाचकाचे बोट जाणारच.

माझ्या बाबतीत तर ही ओळखण्याची संधीही कोणीतरी हिरावून घेतली होती. एका वाचनालयातून आणलेले फेलूदाचे पुस्तक मी खानापूरच्या बसमध्ये उघडले, तेव्हा दुसऱ्याच प्रकरणात एका नावाखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात ‘हाच!’ असे टपोऱ्या अक्षरात लिहिलेले दिसले. त्या सज्जनाला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. पण दुसरे पुस्तक जवळ नसल्यामुळे तेच वाचत राहिलो आणि खानापूर येईपर्यंत त्या ‘हाच’चा मला विसर पडला होता. याचे श्रेय बहुतांशी जटायूंचे.

जटायू म्हणजे लालमोहन गांगुली, ठेंगणे, टकलू, भाबडे गृहस्थ, ‘जटायू’ या टोपणनावाने साहसकथा लिहिणारे. त्यांचा नायक प्रखर रुद्र अशक्य ते सारे करून दाखवतो, आणि लेखकमहाशयांच्या भूगोलातल्या व प्राणिशास्त्रातल्या चुका फेलूदा शांतपणे दुरुस्त करतो. ते मालिकेत येतात ते १९७१ च्या राजस्थानातल्या कथेत, जिच्यात एका लहान मुलाला पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवत असतो. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो आणि पाठीवरचा माणूस पुढे कोसळू पाहतो. त्या उंटाच्या पाठीवर, आयुष्यभर वाळवंटाची स्वप्ने पाहिलेल्या या लेखकाची जी त्रेधा उडते, ती वाचताना खुनी कोण हा प्रश्नच मागे पडतो. अगाथा ख्रिस्तीच्या पोआरो या गुप्तहेराच्या मालिकेतही ॲरिॲडनी ऑलिव्हर नावाची रहस्यकथालेखिका अशीच वावरते. तिच्या कादंबऱ्यांतला गुप्तहेर फिनलंडचा आणि तिला त्या देशाची माहिती बेताचीच. स्वतःच्या धंद्याची थट्टा करायला असे एखादे पात्र हाताशी ठेवण्याची युक्ती दोन्हीकडे सापडावी, याची मला गंमत वाटते.

सिधू ज्याठाही विसरू नयेत. वर्तमानपत्रांची कात्रणे चिकटवलेल्या वह्या आणि त्याहून तल्लख स्मरणशक्ती यांच्या बळावर हे वृद्ध गृहस्थ फेलूदाला हवी ती माहिती पुरवतात. स्वतः मात्र काहीच करत नाहीत, कारण त्यांनी मनावर घेतले तर इतरांचे धंदे बसतील, असा त्यांचा दावा आहे. (असे एकेक काका आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहेत, फक्त कात्रणांच्या वह्या नाहीत.)

गुन्हेगार ठाऊक असल्याने कथा पडत नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा काशीच्या कादंबरीत आहे. तिच्यातला मगनलाल मेघराज पहिल्या भेटीतच खलनायक म्हणून समोर उभा राहतो; लपवाछपवी नाही. तो पाहुण्यांपुढे सरबत ठेवतो आणि ते प्यावे की नाही या विचाराने जटायूंचा घसा कोरडा पडतो. पुढे त्यांनाच फळीला टेकवून उभे केले जाते आणि एक म्हातारा त्यांच्या अंगाभोवती सुऱ्या फेकू लागतो. काहीच करता न येणारा फेलूदा मला याच प्रसंगात सर्वांत जिवंत वाटला.

आमच्या अनगोळातले शेजारी कन्नड ‘पत्तेदारी’ कादंबऱ्यांचे भक्त आहेत. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मला पत्त्यांचा डाव आठवला होता, पण कन्नडात पत्तेदार म्हणजे गुप्तहेर. एन. नरसिंहय्यांची पुस्तके त्यांनी मिळतील त्या क्रमाने वाचली आणि त्यांचे काही बिघडले नाही. मालिकेत क्रम पाळावा लागतो तो काही मोजक्या ठिकाणीच. पोआरोच्या १९३६ च्या एका कादंबरीत १९३४ च्या, रेल्वेतल्या खुनाच्या कादंबरीचे गुपित बोलता बोलता फुटते. तिथे मात्र क्रम चुकला की कायमचे नुकसान.

फेलूदात पहिली दार्जिलिंगची कथा आधी वाचण्याची गरज नाही. ती किरकोळ आहे आणि तिच्यात जटायू नाहीत. राजस्थानपासून सुरुवात करा, मग काशी. वेरूळच्या लेण्यांत घडणारी कथा आपल्याला जवळची वाटेल, ती केव्हाही चालेल. अशोक जैन यांचा मराठी अनुवाद सुबोध आहे. काठमांडूची कादंबरी मात्र काशीच्या आधी घेऊ नका, कारण मगनलाल तिथे पुन्हा भेटतो. आपल्या चार पुस्तकांत काठमांडू असेल आणि काशी नसेल, तर काशीची कादंबरी मिळवून वाचा आणि काठमांडू पुन्हा हाती घ्या. मगनलालने पुढे केलेल्या चहाकडे जटायू कशा नजरेने पाहतात, ते काशीचे सरबत ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.