ज्येष्ठमधाच्या मुळातून फ्लेव्होनॉइड (वनस्पतींमधल्या संयुगांचा एक गट) काढायला मिथेनॉल चांगला की इथाइल अ‍ॅसिटेट?

दोन्ही द्रावकं लागतात. आधी मिथेनॉल किंवा 70 टक्के इथेनॉलने मुळातलं सगळं बाहेर काढायचं, मग त्यातलं हवं ते इथाइल अ‍ॅसिटेटने निवडायचं. पण तुम्ही लिहिलंय की 'मिथेनॉलने उतारा जास्त मिळतो, म्हणून तोच बरा'. त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले.

एम.फार्म.ला माझं काम ह्याच मुळावर होतं. सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक मुळावरून पुन्हा पुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) काढलेला मिथेनॉल उतारा रोटरीवर, म्हणजे द्रावक उडवून लावणाऱ्या यंत्रावर, आटवला, तर घट्ट, पिवळट, गोड काकवीसारखा झाला. वजन बघून माझे गाइड सर खूश. मग तो पाण्यात कालवून सेपरेटिंग फनेलमध्ये (न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायचं तोटीचं भांडं) इथाइल अ‍ॅसिटेटबरोबर हलवला आणि साबणाच्या पाण्यासारखा फेस झाला. दोन थरांच्या मध्ये लोण्यासारखा पांढरा पट्टा धरला, रात्रभर ठेवूनही फुटेना. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा हातच जड आहे." आठवडाभर मी ते खरं मानलं.

शेवटी लॅबमधल्या काकांनी सांगितलं, "ताई, थोडं मीठ टाका. आणि घुसळू नका, नुसतं हळू उलटंपालटं करा." तासाभरात थर सुटले.

फेस करणारं होतं ग्लिसिरायझिन. ते सॅपोनिन, म्हणजे साबणासारखा फेस करणारं संयुग आहे, साखरेच्या पन्नासएक पट गोड, पण फ्लेव्होनॉइड नव्हे. मिथेनॉलमध्ये तेही उतरतं, साखराही उतरतात. सर ज्या वजनावर खूश होते, त्यात हेही भरलेलं होतं. मी तसं म्हटल्यावर उत्तर आलं, "मग काय यील्ड (उताऱ्याचं वजन) कमी दाखवायचं?" थिसिसमध्ये वजनच छापलं गेलं. मला ते अजून खटकतं.

म्हणून उताऱ्याच्या वजनावर जाऊ नका. इथाइल अ‍ॅसिटेट एकदम ओतण्यापेक्षा थोडा थोडा तीनदा वापरा. ग्लॅब्रिडिन, लिक्विरिटिजेनिन ही फ्लेव्होनॉइड त्यात येतात. साखर जोडलेलं फ्लेव्होनॉइड लिक्विरिटिन बरंचसं पाण्यातच राहतं. ते हवं असेल तर पुढे ब्युटॅनॉल, पण त्याच्याबरोबर ग्लिसिरायझिनही येणार हे धरून चाला.

एक राहिलंच. फ्लेव्होनॉइड ओळखायच्या मॅग्नेशियम आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या चाचणीत ग्लॅब्रिडिन रंग देत नाही, कारण ते आयसोफ्लॅव्हन, म्हणजे ह्या चाचणीत रंग न देणाऱ्या उपगटातलं फ्लेव्होनॉइड आहे. तेव्हा गुलाबी आलं नाही म्हणून तो भाग फेकू नका. आणि गाइड वजनच विचारत राहिले, तर दोन्ही थरांची टीएलसी प्लेट (मिश्रणातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी) त्यांच्यासमोर ठेवा. मी तेव्हा ठेवली नाही.