बागेची तार झोळ धरते, मग तानकाट्याची स्प्रिंग जागेवर कशी येते?

नमस्कार. निफाडकडील एका सदस्यांनी दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पाच किलो द्राक्षे अडकवली की तानकाट्यातील स्प्रिंग डोळ्यांना दिसेल इतकी लांबते आणि वजन काढताच जागेवर येते. मग पोलादाचीच असलेली, द्राक्षवेलींना आधार देणारी बागेतील तार यंत्राने ओढूनही लांबलेली दिसत नाही, आणि तरीही काढणी झाल्यावर झोळ धरून का राहते? अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या चाचणी विभागात मी बरीच वर्षे तारा आणि स्प्रिंगा ओढून पाहण्याचेच काम केले, आणि घरची बाग दिंडोरीकडे असल्याने हा झोळ मलाही चुकलेला नाही.

आधी स्प्रिंगविषयी. स्प्रिंग लांबते तेव्हा तिच्यातील धातू जवळजवळ लांबतच नाही, तो पिळला जातो. ३ मिमी जाडीच्या तारेचे, ३० मिमी मध्यव्यासाचे २० वेढे घेतले, तर ५ किलो वजनाला ती स्प्रिंग सुमारे ३३ मिमी उतरते. हीच तार उलगडून सरळ केली तर ती जेमतेम १.९ मीटर भरेल, आणि तिला तेच ५ किलो टांगले तर ती मिलिमीटरच्या पंधराव्या भागाइतकी लांबेल. फरक पाचशे पटींचा आहे. प्रत्येक वेढ्यात तार अगदी थोडी पिळली जाते, आणि तो थोडा थोडा पीळ वेढ्याच्या व्यासामुळे मोठ्या हालचालीत उतरतो, एवढेच त्याचे गुपित आहे.

बळ दुप्पट तर लांबी वाढण्याचे प्रमाणही दुप्पट, हा नियम रॉबर्ट हुक यांनी १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ मध्ये उघड केला. हा नियम सरळ तारेलाही तितकाच लागू आहे, फक्त तिथे आकडे लहान असतात. ६० मीटर लांबीच्या ओळीतील ३ मिमी तारेला १०० किलोचा ताण दिला तर ती सुमारे ४२ मिमी लांबते. साठ मीटरांत चार सेंटीमीटर कोणाच्या लक्षात येणार? पण नेमकी हीच गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, कारण टोकाचा खांब तेवढेच चार सेंटीमीटर आत कलला, तर आपण दिलेला सगळाच्या सगळा ताण नाहीसा होतो. आपल्याकडील काळी जमीन पाण्याने फुगते आणि वाळल्यावर भेगाळते, त्यामुळे खांब एवढा हलणे अजिबात अवघड नाही. म्हणून तारेला दोष देण्यापूर्वी टोकाच्या खांबाला ओळंबा लावून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाब झोळाच्या भूमितीची. दोन खांबांत ५ मीटर अंतर असेल तर मधोमध १० सेंटीमीटर झोळ पडायला तारेची लांबी केवळ ५ मिमी जास्त असली तरी पुरते. डोळ्यांना झोळ मोठा दिसतो, पण त्यामागची वाढ किरकोळ असते. आता वेली आणि घड मिळून मीटरला ४ किलो भार धरा. तो भार १० सेंटीमीटर झोळ ठेवून पेलायचा तर तारेत १२५ किलो ताण येतो, आणि झोळ निम्मा हवा असेल तर २५० किलो. साध्या मऊ पोलादाची मर्यादा, म्हणजे जिथपर्यंत ओढले तरी ते पूर्ण परत येते तो ताण, २५० मेगापास्कलच्या (दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ किलोच्या) आसपास धरली, तर ३ मिमी तार साधारण १८० किलोपर्यंतच हुकचा नियम पाळते. त्यापुढे ती वाढते ती कायमची. भार उतरल्यावर त्यातला नियमात बसणारा भाग तेवढा परत येतो. म्हणजे अगदी सरळ रेषेत तार हवी हा हट्टच ती लांबवतो.

त्यात थंडीची भर पडते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काढणी संपल्यावर वेली मागे छाटतात ती) ३८ अंशांत घट्ट ओढलेली तार निफाडच्या ८ अंशांच्या रात्री आकसू पाहते, आणि दोन्ही टोके पक्की असतील तर तिच्यात ५० किलोंच्या आसपास ताण आपोआप वाढतो. उन्हाळ्यात हौसेने १५० किलोपर्यंत ओढलेली मऊ तार घडांचे वजन येण्याआधीच मर्यादेबाहेर जाऊ शकते.

अनेक जण सांगतात की कडक तार घेतली की ती लांबत नाही. हे अर्धेच खरे आहे. मऊ असो वा कडक, पोलादाचा यंगचा गुणांक (धातू ओढीला किती विरोध करतो ते सांगणारा आकडा) सुमारे २०० गिगापास्कलच राहतो, त्यामुळे सारख्या जाडीच्या दोन्ही तारा सारख्या बळाला सारख्याच लांबतात. कडक तारेची मर्यादा मात्र बरीच वर असते, म्हणून ती परत येते. कडक आहे म्हणून ३ मिमीऐवजी २.५ मिमी तार घेतली, तर तेवढ्याच ताणाला ती सुमारे ४४ टक्के जास्त लांबेल, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

मग तारेच्या टोकाला स्प्रिंग जोडावी का, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. १०० किलोला २० सेंटीमीटर लांबणारी स्प्रिंग जोडली, तर खांब चार सेंटीमीटर कलल्यावर १०० ऐवजी सुमारे १७ किलोच ताण कमी होईल आणि थंडीचा ताणही ती गिळेल; परंतु घडांचे वजन आल्यावर तीच स्प्रिंग सैल सोडेल आणि झोळ वाढेल. कुंपणाच्या तारेला ती मी लावली आहे, फळाच्या तारेला लावणार नाही.

यंदा एवढे करून पाहावे: तार खांबातून बाहेर येते तिथे तारेवर आणि खांबावर रंगाची एकच खूण करावी, ओळंब्याचे माप लिहून ठेवावे आणि काढणीनंतर साधारण तशाच तापमानाला पुन्हा पाहावे. खूण सरकली असेल तर गाठ ढिली झाली आहे, खांब कलला असेल तर त्याचा आधार कमी पडला आहे, आणि दोन्ही जागेवर असूनही झोळ असेल तरच तार लांबली आहे. तशी लांबलेली तार बदलण्याची घाई नको. जस्ताचा थर शाबूत असेल तर ती पुन्हा ओढून घ्यावी, मात्र या वेळी थोडा झोळ राहू द्यावा.